दोरा दिसतो, तरी!

दोस्तांनो, मागच्या शनिवारी आमच्या चौथीच्या वर्गात मोठा हशा पिकला. शाळेच्या टीव्हीवर मी एका जुन्या जादूच्या सिनेमाचा तुकडा लावला होता. राक्षस आला, राजकुमार आला, गालिचा हवेत उडाला आणि तेवढ्यात मागच्या ओळीतून आवाज आला, "सर, दोरा दिसू लालाय की!"

झालं! पोरं पोट धरधरून हसली. हसू मलाही आलं. पण मग आमच्या दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची आठवण झाली. हे सिनेमे त्यांनी लहानपणी आमच्या हिमायतनगरला, परमेश्वराच्या यात्रेत, तंबूच्या टॉकीजमध्ये पाहिलेले. खाली माती, वर कापड. मी एकदा विचारलं होतं, "दादा, तुम्हाला दोरा दिसत नव्हता का?" दादा म्हणाले, "दिसायचा की! तो तुटू नये म्हणून तर आम्ही श्वास रोखून बसायचो!"

तर ऐका या दोऱ्याची गोष्ट. सुरतेत जन्मलेले बाबूभाई मिस्त्री मुंबईत सिनेमाचं काम करायचे. १९३७ साली विजय भट्ट यांचा 'ख्वाब की दुनिया' आला. त्यात होता अदृश्य माणूस. आता जो माणूस दिसतच नाही, त्यानं वस्तू उचलली हे दाखवायचं कसं? आज ते काम संगणक करतो. तेव्हा कुठला संगणक! बाबूभाईंनी मागे काळा पडदा लावला आणि वस्तू काळ्या धाग्यानं हलवल्या. काळ्यावर काळं, कॅमेऱ्याला दिसणार कसं? वस्तू आपोआप चालल्यासारख्या वाटल्या. तेव्हापासून लोक बाबूभाईंना 'काला धागा' म्हणू लागले! पुढे १९५६ च्या 'हातिमताई'तली जादू त्यांचीच. त्यात हातिम झालेले पी. जयराज हे आपल्या शेजारच्या करीमनगरचे, बरं का! आणि १९६३ चा 'पारसमणी' तर बाबूभाईंनी स्वतःच दिग्दर्शित केला.

पैसा थोडा, म्हणून डोकं जास्त चालवायचं, ही रीत त्याहून जुनी. आपले दादासाहेब फाळके आधी जादूचे प्रयोग करायचे. आडनाव उलटं करून नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केळफा'. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली त्यांचीच छोटी मुलगी मंदाकिनी. गंमत अशी, की सिनेमा सुरू होताना ती आधी साध्या रूपात चेहऱ्यावरचे हावभाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. म्हणजे फाळक्यांनी दोरा आधीच दाखवून टाकला! तरीही ती नागाशी झुंजू लागली, की आपल्याला कृष्णच दिसतो.

हे सांगितल्यावर वर्ग म्हणाला, "सर, आपण करू या!" आमचा फळा काळाच आहे. मग काय, डस्टरला शिवणाचा काळा दोरा बांधला, एकाला बाकावर उभं केलं आणि मी मोबाइल धरला. पण डस्टर उडायचं सोडून गरगर फिरू लागलं. दोराही चमकत होता.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. दरवर्षी दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातो, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतो. मधला अभ्यास बुडतो, वाचताना अडखळतो, म्हणून वर्गात सहसा तोंड उघडत नाही. तो हळूच म्हणाला, "सर, एका दोऱ्यानं फिरणारच की. दोन्ही टोकाला बांधा. आमच्या कोपीत फळी तशीच टांगतेत. अन् ती खिडकी लावा, उजेड पडू लालाय दोऱ्यावर."

दोन दोरे बांधले, खिडकी लावली. आणि काय सांगू, डस्टर फळ्यासमोरून अलगद तरंगत गेलं! टीव्हीवर लावून पाहिलं. एका जागी दोरा थोडा दिसलाच. कुणीतरी तसं म्हणालंही. तर हाच मुलगा म्हणाला, "दिसू दे की!"

मित्रांनो, मला वाटतं या सिनेमांची खरी गोडी इथंच आहे. दोरा दिसतो, म्हणून तर दोरा बांधणारा हातही कळतो. आणि मनात येतं, अरे, हे तर मलाही जमेल!

आता दिवाळी जवळ आली. या वर्षी त्याला आजीजवळ गावातच ठेवा, असं त्याच्या घरी जाऊन सांगून आलो. अजून काही ठरलेलं नाही. काल त्यानं विचारलं, "सर, पुढचा सिनेमा कधी?" मी म्हणालो, "दिवाळीच्या सुट्टीनंतर. दोरे तूच बांधायचेस."

तुम्हीही करून पाहा. काळा कपडा, काळा दोरा, एखादी हलकी वस्तू. दोरे दोन बांधा, उजेड बाजूनं पडू देऊ नका. आणि हो, उडवायचं ते फक्त वस्तूंना, धाकट्या भावाला नाही! घरातल्या आजोबा-आजींना त्यांचा तंबूतला सिनेमाही विचारा. काय काय जमलं, ते मला पत्रानं नक्की कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमचे,
गुरुजी