विम्याचा कागद वाचणार कोण?

महाड, म्हसळा, खेड, चिपळूणकडच्या मुस्लिम घरांत मुलगा गल्फला निघाला की केवढी चौकशी होते! पगार किती, खोली कंपनीची की स्वतःची, ओव्हरटाइम मिळतो का, सुट्टीचं तिकीट कोण देतं. तिथे आजारी पडलास तर बिल कोण भरणार, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलंच तर एजंटचं उत्तर ठरलेलं: "इकाम्यासोबत विमा असतोच."

असतो, हे खरं. पण तेवढं ऐकून आपण गप्प बसतो, माझा आक्षेप त्याला आहे. कोणता विमा, कोणासाठी, किती रकमेचा?

सौदीत कामगाराचा आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा विमा काढणं ही मालकाची जबाबदारी आहे. अबुधाबीच्या २००५ च्या कायद्याने कामगारासोबत त्याची बायको आणि १८ वर्षांखालची तीन मुलं यांचाही भार मालकावर टाकला. दुबईच्या २०१३ च्या कायद्यात मालक फक्त कामगाराचा विमा काढायला बांधील आहे. बायकामुलांचा विमा त्यांना बोलावणाऱ्याने, म्हणजे नवऱ्याने काढायचा. दोन्ही शहरं एकाच देशात, मोटारीने दीड तासावर. पण नियम वेगळे. हे माहीत नसलेला माणूस बायकोला बोलावतो आणि मग पैशांची जुळवाजुळव करत बसतो.

दुबईत कामगाराच्या विम्याचा हप्ता त्याच्या पगारातून कापता येत नाही. तरीही काही मालक कापतात आणि आपला मुलगा सहन करतो, कारण नियमच तसा असेल असं त्याला वाटतं. शारजा, अजमानसह उत्तरेकडच्या अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून खासगी नोकरदारांना विम्याशिवाय निवास परवाना मिळत नाही. तिथला मूळ विमा वर्षाला ३२० दिरहमचा. दवाखान्यात दाखल झाल्यास २० टक्के खर्च रुग्णाचा, पण एका वेळी ५०० आणि वर्षाला १,००० दिरहमपेक्षा जास्त नाही. ही मर्यादा ज्याला ठाऊक नाही, तो बिल बघून मित्रांकडे हात पसरतो.

व्हिजिट व्हिसावर जाऊन काम शोधणाऱ्यांची गोष्ट तर आणखी वाईट. त्यांना मालकच नाही, मग मालकाचा विमा कुठून येणार? ईसीआर पासपोर्टवाल्यांना आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये अधिक कर. पण तिचे १० लाख अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व यासाठी आहेत. आजारपणाच्या खर्चाची मर्यादा त्याहून खूपच कमी.

आणखी एक खोड म्हणजे फॉर्ममध्ये शुगर, बीपी लपवणं. एजंट सांगतो, "नो लिहा." पुढे दावा नाकारला जातो तेव्हा तो एजंट फोनही उचलत नाही.

आता काही जण म्हणतील, विमा मुळात जायजच नाही. या प्रश्नावर जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्येच विचार केला. व्यापारी विमा नाकारला, परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा मान्य केला. सौदीच्या कायद्याच्या नावातच 'सहकारी' हा शब्द आहे. तकाफुल कंपन्या आखातात जागोजागी आहेत. ज्याला शंका असेल त्याने तकाफुल निवडावा, आलिमांना विचारावं. पण न वाचता सही करणं ही दीनदारी नव्हे, तो आळस आहे. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे आपण मिंबरवरून कितीदा ऐकलं आहे!

मोठं बिल आलं की जमातीच्या ग्रुपवर आवाहन फिरतं. लोक मनापासून देतात, या दानतीला सलाम. पण ज्या समाजाकडे मदत जमवायची ताकद आहे, त्याच्याकडे मुलगा निघण्यापूर्वी त्याची चार पानं वाचून देणारा एकही माणूस नसावा?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. आमची मुलं रजेचा अर्ज उत्तम लिहितात. अरबी तर मकतबातच वाचायला शिकतात, पण अरबीतला किंवा इंग्रजीतला करार समोर आला की अंगठेबहाद्दर होतात. शाळा आणि मकतब, दोघांनाही याचा जाब विचारला पाहिजे.

प्रत्येक जमातीने गल्फहून परतलेली दोन जाणती माणसं जुम्यानंतर तासभर बसवावीत. त्यांनी जाणाऱ्याला पाच गोष्टी विचाराव्यात: हप्ता कोण भरतो, कुटुंब त्यात आहे का, कोणते दवाखाने चालतात, खिशातून किती द्यावं लागेल, नोकरी सुटली तर विमा कधी संपतो? याची उत्तरं लेखी मिळेपर्यंत एजंटला पैसे देऊ नका. विमानाच्या तिकिटावरचं नाव आपण तीनदा तपासतो. विम्याचा कागद एकदा तरी वाचा.