नाडीचा घसारा



चातुर्मास संपला, दिवाळीचा फराळही संपला, आणि आपल्या फिरायच्या ग्रुपवर पुन्हा डोंगराचे बेत सुरू झाले. बूट कुठले घेतले, किती हजारांचे घेतले, कुणाच्या मुलाने कुठून पाठवले यावर आठवडाभर चर्चा झाली. काठी, पिशवी, टोपी, सगळ्यांवर बोलून झालं. बुटाच्या नाडीबद्दल मात्र एकीनेही विचारलं नाही. माझं मत असं की आपल्या वयाच्या बाईने बुटाइतकंच लक्ष नाडीकडे द्यावं, ती स्वतः निवडावी आणि स्वतः बांधावी.

चढताना दम लागतो, पण पडायची भीती जास्त असते ती उतरताना. सह्याद्रीतल्या वाटांवर सुटी माती आणि बारीक खडे पसरलेले असतात, त्याला ट्रेकवाले घसारा म्हणतात. मी बी.कॉम.; माझ्या डोक्यात घसारा म्हणजे ताळेबंदातला डेप्रिसिएशन. नातीने पहिल्यांदा ‘आजी, पुढे घसारा आहे’ म्हटलं तेव्हा मी विचारलं, किती टक्के? असो. या घसाऱ्यावर उतरताना अंगाचा भार पुढे येतो. नाडी सैल असली की पाऊल बुटातल्या बुटात पुढे सरकतं, बोटं टोकावर आपटत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख काळंनिळं. मग आपण म्हणतो बूट लहान पडला. पुष्कळदा बूट बरोबर असतो, टाच धरलेली नसते.

आणि नखाचं एक वेळ चालेल. आपल्या वयात हाडं पूर्वीची राहिलेली नसतात. एखादी घसरली, हात टेकला, मनगटाला प्लॅस्टर आलं, की घरात सगळ्यांचं एकमत होतं: आता बस झालं तुझं डोंगर-बिंगर. प्लॅस्टर दीड महिन्यात निघतं, हा ठराव निघत नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंचं फिरणं असंच बंद झालं. घरचे वाईट नाहीत, काळजीपोटीच म्हणतात. पण साठीनंतर मिळालेली मोकळी सकाळ हातची जाते ती जाते.

ग्रुपमधल्या एकीने मला ऐकवलं, ‘शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना मी अनवाणी केली, मला नाडीचं काय सांगता!’ तिचं खरं आहे, आणि तीर्थावर बुटाचा प्रश्नच येत नाही. पण अनवाणी पावलाला जमीन कळते, बोटं आपोआप पकड घेतात. बुटात गेलं की पावलाचं ते काम बुटाकडे जातं, आणि बुटाला पावलाशी बांधून ठेवणारी एकच वस्तू असते.

आता निवडीचं. चामड्याची नाडी आपण घेणार नाही हे सांगायला नको, पण दुकानात ‘स्वेड’ किंवा ‘नुबक’ म्हणून दाखवतात तेही चामडंच असतं, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. बूट कापडी दिसला तरी नाडी ओवायचे पट्टे आणि जीभ कशाची आहे ते विचारून घ्या. मेण लावलेल्या नाड्याही मिळतात, त्यांची गाठ घट्ट बसते. ते मेण पोळ्यातलं असू शकतं. मधाचा त्याग आपल्या मूलगुणांत आहे, मग पोळ्यातलं मेण पायात का चालावं? दुकानदाराला सांगता आलं नाही तर साधी नाडी घ्यावी. घसरणाऱ्या नाडीवर घरची साधी मेणबत्ती घासली तरी काम होतं. ते मेण सहसा खनिज तेलातून काढलेलं पॅराफिन असतं. पाकिटावर पोळ्यातलं मेण लिहिलेलं नाही एवढं बघायचं.

सुती नाडी हाताला छान लागते, म्हणून आपल्याला आवडते. डोंगरावर ती नको. दवाने भिजली की फुगते, गाठ दगडासारखी बसते, आणि ओली राहून कुजते. नायलॉन मजबूत, पण गुळगुळीत, आणि भिजल्यावर थोडी ताणते. माझी पसंती पॉलिएस्टरला: पाणी जवळजवळ पीत नाही, ताणत नाही, कुजत नाही. आकाराने चपटी किंवा लंबगोल घ्या. अगदी गोल नाडी टिकते चांगली, पण तिची गाठ लवकर सुटते. लांबीसाठी जुनी नाडी काढून टेपने मोजा, बस. घोट्यावर येणाऱ्या बुटाला भोकांच्या सात-आठ जोड्या असतील तर साधारण 140 ते 150 सेंटिमीटर लागते. ‘लांब घ्या, कमी नको पडायला’ हा साडीच्या फॉलचा हिशोब इथे चालत नाही. घोट्यावरच्या बुटांना वर हूक असतात, आणि एका बुटाच्या नाडीचा लोंबता फासा दुसऱ्या बुटाच्या हुकात अडकला की दोन्ही पाय एकमेकांना बांधले जातात. कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर हे झालं तर काय, याचा विचार करा.

खरी मेख गाठीत आहे. निर्ग्रंथांच्या आपण उपासक, आणि मी गाठीवर लिहीत बसले आहे. पण लिहायलाच हवं. आपल्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी जन्मभर चप्पल नाहीतर सँडल घातली. नाडी बांधली ती मुलांची, शाळेच्या बसची वेळ झालेली असताना, समोर बसून. समोरून बांधायची सवय असलेला हात स्वतःच्या पायाशी गेला की डावं-उजवं गोंधळतं. पहिली अढी आणि वरचा फासा एकाच दिशेने पडले की गाठ कच्ची होते. ओळखायचं सोपं आहे: बांधून झाल्यावर फाशाचे दोन कान बुटावर आडवे बसले तर गाठ पक्की, बोटांकडून घोट्याकडे उभे वळले तर कच्ची. कच्ची असेल तर फक्त पहिली अढी उलट घाला, डावी वर येत होती तिथे उजवी. वरचं तसंच राहू द्या.

नाडी सुटते का, यावर अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी 2017 साली अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रेडमिलवर पळणाऱ्या बुटाचं चित्रण करून त्यांनी दाखवलं की पाऊल जमिनीवर आपटलं की गाठ क्षणभर ताणते आणि सैलावते. मग पाय हवेत झुलताना नाडीची मोकळी टोकं चाबकासारखी हलतात आणि कुणी हाताने ओढावं तशी गाठ ओढून काढतात. कच्ची गाठ फार लवकर सुटते, पक्कीसुद्धा कधीतरी सुटतेच. म्हणून मी पक्की बांधते, कानांची पुन्हा एक गाठ मारते, आणि टोकं नाडीच्या आडव्या पट्ट्यांखाली खोचते.

उतार सुरू होण्याआधी थांबून नाडी पुन्हा बांधणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सकाळी घट्ट बांधली होती हे कारण चालत नाही; चालताना बूट आणि मोजे दोन्ही दबतात. दगडावर बसा, टाच मागे ठोकून बसवा, पंजापाशी बोटं हलतील इतकी मोकळीक ठेवा, आणि जिथे पाऊल वळून घोटा सुरू होतो तिथे साधी अढी घालताना नाडीला दोन वेढे द्या. दोन वेढ्यांमुळे खालचा ताण खाली आणि वरचा वर राहतो. मग घोट्यापाशी घट्ट करा. गुडघ्यामुळे वाकवत नसेल तर पाय समोरच्या उंच दगडावर ठेवा. मागचे खोळंबतील म्हणून घाई करू नका. खोळंबू देत. आणि ‘आजी, मी बांधून देतो’ म्हणणाऱ्या मुलाला गोड बोलून नाही म्हणा. ताण किती हवा ते तुमच्या पायाला कळतं, त्याच्या हाताला नाही.

‘त्यापेक्षा वेल्क्रो बरा’ असंही ऐकते. रोजच्या बागेतल्या फिरण्याला बरा आहे. डोंगरावर त्यात माती आणि गवत भरतं, मग तो धरत नाही.

निगा अवघड नाही. मातीचे कण नाडीत राहिले की प्रत्येक पावलाला आतून धागा कापतात. घरी आल्यावर जुन्या दातांच्या ब्रशने कोरडी झटकावी. दिवाळीनंतर गवत वाळतं, नाडीत कुसळं घुसतात. ती चिमट्याने एकेक काढावी, आणि एखादा किडा अडकलेला असेल तर आधी त्याला अंगणात सोडावं. महिन्यातून एकदा नाडी पूर्ण काढून गाळलेल्या कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी. ब्लीच नको, गॅसजवळ तर नकोच. चातुर्मासात मी डोंगरावर जात नाही, पावलागणिक जीव असतात. तेव्हा बूट चार महिने कपाटात, तेही ऐन पावसाळ्यात. नाडी ओलसर ठेवली तर बुरशी धरते, आणि मग ती काढायची म्हणजे आपल्या यत्नाचाराचं काय? म्हणून आषाढातच नाड्या काढून, धुऊन, खडखडीत वाळवून कागदात गुंडाळून ठेवते.

टोकाची प्लॅस्टिकची टोपी निघाली तर पॉलिएस्टरचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरलं की वितळून बंद होतं. बोट लावू नका, भाजतं. सुती नाडी वितळत नाही, तिच्या टोकाला नेलपॉलिश.

बदलायची कधी? इथे माझं कॉमर्स कामी येतं. बुटाचा घसारा वर्षांवर चालतो, नाडीचा एखाद्या मोसमावर, आणि दोन्हींचं खातं एकच धरल्यामुळे आपण पाच हजारांच्या बुटात विरलेली नाडी घालून फिरतो. मी पहिल्या हुकापाशी नाडी चिमटीत धरून बघते. तिथे ती जास्त घासते. पापुद्रा फुटून आतला पांढरा धागा दिसला की बदलते, तुटेपर्यंत थांबत नाही. हूकच धारदार झाला असेल तर नवी नाडीही तिथेच कापेल. आधी चांभाराकडून हूक घासून घ्यावा. एक जास्तीची जोडी पिशवीत असतेच, औषधांच्या डबीशेजारी. मागच्या पौषात ती मी ग्रुपमधल्या एका मुलीला वाटेत दिली. तिची नवी कोरी महागडी नाडी पाकिटातूनच आखूड निघाली होती.

उतरलेल्या नाड्या मी टाकत नाही. रद्दीचा गठ्ठा बांधायला आणि गच्चीतल्या कारल्याच्या वेलाला आधार द्यायला त्यांच्याइतकी चांगली दोरी बाजारात मिळत नाही.