तक्त्यात मालकाची रेघ कुठे आहे?

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरी चकलीवरून जे रणकंदन माजते, ते दरवर्षी अगदी नेमाने माजते. चकल्या अजून का झाल्या नाहीत, असे मी दरडावून विचारतो. बायको उत्तर देत नाही. ती फक्त दाराशी ठेवलेल्या डब्याकडे पाहते. भाजणीचे धान्य धुऊन, वाळवून, भाजून, निववून तिने दोन दिवसांपूर्वीच त्या डब्यात भरलेले असते. ते गिरणीतून दळून आणणे हे माझे काम. परंतु फराळाची जी यादी आमच्या घरी होते तिच्यात चकली, कडबोळी, शेव, अनारसे अशी तिचीच कामे लिहिलेली असतात. 'दळण' अशी ओळ माझ्या नावापुढे आजवर कोणी लिहिलेली नाही. त्यामुळे उशीर झाला की यादी माझ्या हातात असते आणि दोष तिच्या पदरात पडतो.

हे घरगुती गाऱ्हाणे सणासुदीच्या अंकात मी उगाच मांडलेले नाही. हल्ली लहानमोठ्या धंद्यांत प्रकल्प-व्यवस्थापन नावाचे शास्त्र आणण्याची टूम निघाली आहे. फर्निचरच्या कारखान्यात, मंगल कार्यालयात, मसाल्याच्या घरगुती उद्योगातसुद्धा. भिंतीवर तक्ते लागतात, मोबाइलवर प्रत्येकाच्या वाटणीचे काम खणखणत येते, सकाळी उभ्या-उभ्या सभा भरतात. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते फळ्यासमोर उभे राहून आणि चार कादंबऱ्या खरडून. तेव्हा शास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. शास्त्रावर मी बोलतच नाही. शास्त्र चांगलेच आहे. माझे भांडण आहे ते आमच्याकडचे मालक ते ज्या रीतीने आणतात त्या रीतीशी. ते आणतात कामगाराच्या अंगावर घालण्यासाठी. स्वतः मात्र तक्त्याच्या बाहेर, खुर्चीवर बसून राहतात. ज्या तक्त्यात मालकाची रेघ नाही, तो तक्ता नव्हेच. ती नुसती हजेरीवही आहे.

आमच्या गावात एक छापखाना आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. थोरल्या मालकांनी तो लग्नपत्रिकांवर उभा केला, धाकट्याच्या हाती आल्यावर तेथे पुस्तकेही निघू लागली. धाकटा माझा विद्यार्थी. मुलगा हुशार, नम्र, मला अजून वाकून नमस्कार करतो. पुण्याच्या एका वर्गाला तो महिनाभर जाऊन आला आणि येताना बरोबर एक सल्लागार घेऊन आला. सल्लागारांनी दिल्ली मेट्रोची गोष्ट सांगितली, ई. श्रीधरन यांच्या उलट्या चालणाऱ्या घड्याळांची सांगितली, आणि तसलेच एक लाल आकड्यांचे घड्याळ मशीनच्या बरोबर वर टांगून ते परत गेले. मशीनवर जे काका गेली सत्तावीस वर्षे उभे आहेत ते त्याच्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, हे घड्याळ मला मागे नेतंय की पुढं?"

2023 च्या डिसेंबरात आमच्या शाळेचा अमृतमहोत्सव होता. त्याची स्मरणिका याच छापखान्यात छापावयाची ठरली आणि संपादक म्हणून मला रोज तेथे जाऊन बसण्याचा योग आला. एकशेसाठ पानांचे पुस्तक, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दहा फॉर्म. प्रती दोन हजार. तक्ता मोठा देखणा झाला होता. अक्षरजुळणी आठ दिवस, मुद्रिते तपासणे सहा दिवस, प्लेटा एक दिवस, छपाई पाच दिवस, बांधणी चार दिवस. एकूण चोवीस दिवसांचे काम आणि हातात तीस दिवस. सहा दिवसांची सवड! मला तर वाटले, आपण उगाच काळजी करीत होतो.

आता काय झाले ते ऐका. माझ्या वहीत तारखांसकट लिहिलेले आहे. संस्थेच्या अध्यक्षांचा संदेश दोन दिवस उशिरा आला. हा दोष आमचा. मुद्रिते ठरल्याप्रमाणे सहा दिवसांत तपासून झाली. मग प्रश्न निघाला की जुन्या शिक्षकांची छायाचित्रे रंगीत छापावयाची की काळीपांढरी. हे धाकट्या मालकांनी ठरवावयाचे होते. ते पुढच्या वर्गासाठी पुण्याला. ठरायला चार दिवस गेले. ते ठरेपर्यंत कागद कोणता आणि किती मागवायचा हे ठरेना. ठरल्यावर कागदवाल्याला आगाऊ रक्कम पाठवायची होती. तिला आणखी पाच दिवस लागले. एवढ्या काळात मशीन झाकून ठेवलेले, काका स्टुलावर बसलेले, आणि डोक्यावरचे घड्याळ मात्र लाल आकडे एकेक करून गिळीत होते. प्लेटांचा एक दिवस त्या थांबण्यात जिरला हे खरे. तरीही कागद दारात आला तेव्हा उरले होते पाच दिवस आणि काम होते नऊ दिवसांचे.

धाकटे मालक धावत आले. त्यांनी दुसऱ्या छापखान्यातून दोन पोरे मदतीला आणली. फ्रेड ब्रूक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1975 साली एका पुस्तकात लिहून ठेवले आहे की संगणकाच्या आज्ञावलीचे काम मागे पडले असता त्यावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच मागे पडते. कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. आय.बी.एम. कंपनीत तसल्या मोठ्या कामाची धुरा त्यांनी स्वतः वाहिली होती. आमच्या काकांनी ब्रूक्सचे नाव ऐकलेले नाही. पहिली रात्र त्यांची त्या पोरांना मशीन समजावण्यात गेली. दुसऱ्या रात्री तीन वाजता एका फॉर्मची पाठीमागची प्लेट उलटी बसली. लक्षात येईपर्यंत एक हजार ताव, म्हणजे दोन रीम कागद वाया गेला होता. समारंभाच्या सकाळी दोन हजारांपैकी चारशे प्रती पोचल्या, त्यांचीही कव्हरे ओलसर.

आठ दिवसांनी झाडाझडतीची सभा भरली. सल्लागार आले होते. तक्त्यात अक्षरजुळणी हिरवी, मुद्रिते हिरवी आणि छपाईची रेघ लालभडक. छपाई सोळाव्या दिवशी सुरू व्हावयाची ती सव्विसाव्या दिवशी झाली, दहा दिवस उशीर, शिवाय नासाडी. आकड्यांत काहीही खोटे नव्हते. धाकटा म्हणाला, "काका, हे कसं चालेल?" काका काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर होते की रोज इथं."

माझ्या खिशात ती वही होती. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

माझी चौथी कादंबरी त्या वेळी त्याच छापखान्याच्या संगणकात जुळवून पडलेली होती आणि ती उधारीवर छापावयाची होती. याहून अधिक खुलासा करण्याची माझी तयारी नाही. वाचक सुज्ञ आहेत. कागदाचे तीन हजार चारशे रुपये काकांच्या पगारातून दोन हप्त्यांत कापले गेले. माझी कादंबरी वेळेवर निघाली.

तेव्हापासून मी या शास्त्राची जन्मकथा मिळेल तेथून वाचीत आलो आहे, आणि जे सापडले त्याने माझा राग वाढलाच. ज्या आडव्या रेघांच्या तक्त्याला जगभर गँट चार्ट म्हणतात, तो हेन्री गँट 1861 साली अमेरिकेत जन्मला. यंत्रशास्त्राकडे वळण्यापूर्वी हा माणूस काही वर्षे शाळामास्तर होता, हे वाचून मला जातीचा माणूस भेटल्यासारखे झाले. त्याचे 'ऑर्गनायझिंग फॉर वर्क' हे पुस्तक 1919 साली निघाले. त्याच वर्षी तो वारला. त्या पुस्तकात यंत्रांचे तक्ते आहेत. यंत्र किती चालले एवढेच ते सांगत नाहीत. ते का थांबले याचीही खूण त्यांत आहे. माणूस नव्हता, माल नव्हता, काम नव्हते, की दुरुस्ती चालली होती? आणि माल नसल्यामुळे यंत्र रिकामे राहिले तर त्याचा जाब व्यवस्थापनाने द्यावा, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे पाहा, तक्ता काढणाऱ्याने तो मालकाकडेही बोट दाखवावे म्हणून काढला; आम्ही तेवढे बोट कापले आणि बाकीचा तक्ता भिंतीवर टांगला!

पुढे 1957 च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीने आणि तिच्याबरोबर संगणकवाल्या रेमिंग्टन रँडने आणखी एक युक्ती काढली. कामांच्या साखळ्या मांडावयाच्या आणि त्यांतली सर्वांत लांब साखळी शोधावयाची. कारण काम कधी संपणार हे तीच ठरवते. स्मरणिकेची ही साखळी मी वहीवरून मांडून पाहिली. ती मशीनवरून जाण्याआधी धाकट्या मालकांच्या टेबलावरून जात होती आणि तेथे नऊ दिवस गुंडाळी होऊन बसली होती. तक्त्यात ते टेबलच नव्हते.

अमेरिकेच्या आरमाराने 1958 साली पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी जी पद्धत वापरली ती तर मला फारच आवडली. काम करणाऱ्याला एक तारीख विचारायची नाही, तीन विचारायच्या. सगळे सुरळीत झाले तर किती दिवस, एरवी किती, आणि सगळे बिघडले तर किती. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन तिघांची बेरीज करायची आणि तिला सहाने भागायचे. आमच्या छापखान्यातल्या बाईंडरला मी सहज हे तीन आकडे विचारले. तो म्हणाला, तीन, चार आणि वीज गेली तर अकरा. तीन, सोळा आणि अकरा मिळून तीस. भागिले सहा, पाच. तक्त्यात लिहिले होते चार. मी विचारले, "हे चार कोणी सांगितले?" तो म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

यावर मालकांचे म्हणणे मला ठाऊक आहे. पहिले म्हणणे असे, की कामगाराला विचारले तर तो दिवस फुगवून सांगतो. सांगतो, कबूल. काम हाताशी असलेल्या वेळाएवढे फुगते असे नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 सालीच गमतीने लिहिले आणि त्या गमतीत पुष्कळ तथ्य आहे. पण तो फुगवतो का? मधल्या मध्ये तुम्ही येऊन "एवढी पत्रिका आधी काढून दे" म्हणणार आणि तो अर्धा दिवस कोठेच मांडला जाणार नाही, हे तो अनुभवाने शिकला आहे. तुमचा अर्धा दिवस तुमच्या नावावर लिहा; त्याला फुगवण्याची गरज किती उरते ते मग पाहू.

दुसरे म्हणणे असे, की पैसा मालकाचा, जोखीम मालकाची, तेव्हा त्याला कोण जाब विचारणार? बरोबर आहे, काकांनी विचारावा असे मी म्हणत नाही. तक्त्याने विचारावा. दिल्लीतली ती घड्याळे नुसती खोदणाऱ्यांच्या डोक्यावर नव्हती, अधिकाऱ्यांच्या कार्यालयांतही होती. आणि आमच्या कोकण रेल्वेचेच घ्या. 1990 साली महामंडळ झाले, पाच वर्षांत गाडी धावेल असे म्हटले होते, सगळा मार्ग खुला व्हायला 1998 चा जानेवारी उजाडला. नव्वदच्या वर बोगदे, त्यांतल्या काहींत भुसभुशीत माती, शिवाय गोव्यात मार्ग कोठून न्यावा याचा वाद. उशीर झालाच. पण त्या उशिराला माती आणि वाद अशी नावे आहेत. तो कोणा खोदणाऱ्याच्या पगारातून कापून घेतला असे कोणी म्हणत नाही.

मला फार काही नको आहे. तक्त्याची सर्वांत वरची ओळ मालकाची असावी. कोणता निर्णय, कोणत्या तारखेला. कोणती रक्कम, कोणत्या तारखेला. आणि मशीन ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी, काकांच्या हाताने, कशासाठी थांबले ते तेथेच लिहिले जावे. एवढे ज्यांना झेपत नसेल त्यांनी सल्लागारांची फी वाचवावी आणि पूर्वीसारखे खडूने पाटीवर लिहावे. त्यात निदान लाल रंग नसतो.

गेल्या मे महिन्यात मी ती वही घेऊन धाकट्याकडे गेलो. उभ्यानेच त्याने ती वाचली. मग बसून पुन्हा वाचली. नऊ दिवसांच्या नोंदीवर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, त्या दिवशी का नाही बोललात?" वर्गात माझ्या प्रश्नाला उत्तर आले नाही की हा पोरगा जसा खाली पाहायचा तसा मी खाली पाहिले.

वही त्याने ठेवून घेतली आहे. काकांचे तीन हजार चारशे रुपये अजून मिळालेले नाहीत. पगाराच्या दिवशी, दर महिन्याच्या सात तारखेला, मी छापखान्यात जाऊन विचारून येतो.