सुकाणू हातात की पायात?

मराठीत आपण "कारभाराचं सुकाणू हाती घेतलं" असं म्हणतो. "पायी घेतलं" असं कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण अमेरिकेत मासेमारीच्या होड्यांच्या बाबतीत सध्या पायाची चलती आहे, आणि मी आज त्याविरुद्ध लिहिणार आहे. मराठी माध्यमातून बीए झालेल्या मास्तरला मोटारींतलं काय कळतं, असं काही जणांना वाटेल. वाटू दे. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला एका होडीत कोण कुठे बसणार एवढं तरी नक्की कळतं.

विषय असा. मिनेसोटातल्या आमच्या चिरंजीवांनी चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी घेतली आहे. मिनेसोटा म्हणजे तळ्यांचं राज्य. दहा एकर आणि त्याहून मोठी तळी मोजली तरी ती ११,८४२ भरतात! आता त्या होडीला ट्रोलिंग मोटर बसवायची आहे. (ब्लॉगर मंडळींनी दचकू नये, हे ट्रोलिंग वेगळं :-) ) बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, लांब दांडा आणि खाली पंखा. मोठ्या इंजिनाने लांबवर जायचं, ते बंद करायचं आणि मग माशांना चाहूल लागू न देता हिच्यावर हळूहळू सरकायचं. १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीच्या स्टार्टरपासून अशी मोटर बनवली. मिनेसोटा आणि डकोटा मिळून 'मिन कोटा' हे नाव पडलं, ते आजही चालू आहे.

या मोटारींचे मुख्य प्रकार दोन. हाताची मोटर बहुधा होडीच्या मागच्या फळीवर बसते. हँडल फिरवलं की होडी वळते, मूठ पिळली की वेग बदलतो. पुढे जायचे पाच वेग आणि मागे यायचे तीन, अशी सर्वसाधारण रचना. पायाची मोटर होडीच्या पुढच्या टोकाला बसते आणि तिचं पेडल जमिनीवर असतं. चवडा दाबला की होडी एका बाजूला, टाच दाबली की दुसऱ्या बाजूला, आणि वेगळं बटण दाबलं की पंखा चालू.

आमचा टेक्सासचा भाचा पायाच्या मोटारीचा कट्टर भक्त. "अहो मामा, दोन्ही हात मोकळे राहतात! हाताची मोटर नवशिक्यांसाठी असते."

त्याचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. आपल्याकडे हातमशीन आणि पायमशीन असा वाद घरोघरी झाला आणि पायमशीन जिंकलं, ते योग्यच झालं. दोन्ही हात कापडावर राहिले की शिवण सरळ येते. पण भाचेबुवा, पायमशीनवर बाई स्टुलावर बसलेली असते, जमीन हलत नसते, आणि पायांनी फक्त चाक फिरवायचं असतं. होडीत पेडल मारणारा बहुतेक वेळा उभा असतो, एका पायावर सगळा भार, दुसरा पेडलवर, आणि खालची 'जमीन' लाटेबरोबर डुलते आहे. त्याच पायाने वळवायचं, त्याच पायाने थांबवायचं. खुर्ची लावून बसता येतं हे खरं, पण पुढच्या टोकाला बसलेल्या माणसाला प्रत्येक लाट आधी लागते.

आणि 'नवशिके' म्हणाल तर जरा इतिहास बघा. पायाच्या मोटारीचा एवढा बोलबाला झाला तो बास माशाच्या स्पर्धांमुळे. रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, आणि पुढे त्या खेळाचा धंदाच झाला. त्या खेळात माणूस दिवसभर काठालगत सरकत शेकडो वेळा गळ फेकतो. त्याला हात मोकळे हवेतच. त्याने खुशाल पेडल घ्यावं.

पण मिनेसोटाचा राज्यमासा वॉलआय. १९६५ सालापासून त्याला तो मान आहे. तो धरायची तिथली जुनी रीत म्हणजे मागच्या बाकावर बसून, हँडल हातात धरून, होडी उलटी, मागच्या बाजूने वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू न्यायची आणि खोल पाण्याच्या कडेकडेने गळ ओढत राहायचं. हे करणारे म्हातारे नवशिके नाहीत. त्यांच्यातल्या कितीकांनी आयुष्य या तळ्यांवर काढलं आहे.

आता दुकानाची गोष्ट. चिरंजीव एका दुकानात गेले तर विक्रेत्याने ऐंशी पौंड ओढीची, चोवीस व्होल्टची पेडलवाली मोटर पुढे केली. होडीत कोण बसणार, हे विचारलंच नाही. मी हिशेब मांडला. होडी अडीचशे पौंड, आम्ही माणसं साडेचारशे, इंजिन, बॅटरी आणि सामान दोनशे. झाले नऊशे. शंभर पौंड वजनाला दोन पौंड ओढ, हा तिथला सर्वमान्य ठोकताळा. म्हणजे अठरा. वाऱ्यासाठी दुप्पट धरा, छत्तीस. बारा व्होल्टची, एका बॅटरीवर चालणारी हाताची मोटर पन्नास पौंडांपर्यंत आरामात मिळते. मग चोवीस व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या कशाला वाहायच्या? शिशाची एक बॅटरीच वीस-पंचवीस किलोची असते. ती गाडीतून होडीत कोण उचलून ठेवणार, विक्रेता?

जीपीएसवर होडी एका जागी धरून ठेवणाऱ्या, रिमोटवर चालणाऱ्या मोटारीही आता मिळतात. सोय उत्तम आहे, नाकारत नाही. पण त्या किमतीत हाताच्या मोटारी कितीतरी येतील, आणि आमचं तळं इतकं छोटं की नांगर टाकला की काम होतं.

आता मुख्य मुद्दा. या होडीत सात वर्षांचा नातू असणार आहे. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे दहा वर्षांखालच्या मुलाला चालत्या होडीत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. मोठ्यांनाही ते घालायला लावा, कारण अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे अहवाल दर वर्षी तेच सांगतात: होडीच्या अपघातात बुडालेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांनी जॅकेट घातलेलं नसतं. होडीत आमची ही असेल, जिचा एक गुडघा बदललेला आहे. आणि मी असेन, वय वर्षं शहात्तर. एका पायावर उभं राहून सुकाणू चालवणं आम्हा तिघांपैकी कोणालाच जमणार नाही. म्हणजे पायाची मोटर बसली की होडी फक्त चिरंजीवांची. आम्ही तिघे त्यातलं सामान.

हाताचं हँडल मात्र नातवाच्या हातात देता येतं, वर आपला हात ठेवून. ही बसल्या बसल्या चालवू शकते. चिरंजीवांची पाठ धरली तरी मी त्यांना परत धक्क्याला आणू शकतो. ज्या घरात एकालाच गाडी चालवता येते, त्या घराचं काय होतं ते आपण पाहिलं आहे. पाण्यात तर वाटेवरचा रिक्षावालाही भेटत नाही.

तेव्हा भाचेबुवा, तुम्ही टेक्सासात पाय चालवा, पन्नास गळ फेका. चौदा फुटी होडीत, तीन पिढ्यांसकट, माझं मत हाताला. घेण्याआधी कुठली मोटर भारी हे विचारू नका. आपल्या होडीत बसणाऱ्यांपैकी किती जणांना ती चालवता येईल ते मोजा. उत्तर एक आलं, तर ती मोटर दुकानातच राहू द्या.

विरोधी मतं जरूर लिहा. भाच्याची तर येणारच आहेत!