अंड्यांवर कोण बसलंय?

परवाच्या रविवारी पहाटे पाऊस पडतच होता. उचगावातून दोन सायकली काढून मी आणि माझी सातवीतली मुलगी कळंबा तलावावर गेलो. कचेरीतल्या एका मित्राने दोन दिवसांसाठी दुर्बीण दिली होती. पाऊस थांबायची वाट पाहिली असती तर ती तशीच परत गेली असती.

वाचकहो, पक्षी पाहायला थंडीत जावे, असे जाणकार सांगतात. खरे आहे, बाहेरदेशीची बदके तेव्हाच येतात. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. रामसर या जागतिक पाणथळांच्या यादीत आपल्या राज्यातून पहिले नाव लागले ते त्याचे. पण इथेच बारमाही राहणाऱ्या पाणपक्ष्यांपैकी अनेकांचा संसार मांडायचा काळ म्हणजे पावसाळा.

बांधावर छत्री धरून उभे राहिलो. दुर्बिणीच्या काचा सारख्या धुरकट होत. टिबुकली बुडी मारी आणि भलतीकडेच वर निघे. मग केंदाळावर कमळपक्षी दिसला. पांढरे पंख, मानेमागे सोनेरी, आणि थंडीत गळून जाणारी ती लांब शेपूट. पायाची बोटे एवढी लांब की अंगाचा भार पसरतो आणि तरंगत्या पानावरूनही चालता येते. चार पावले जाई, पुन्हा त्याच जागी येऊन बसे.

"अंड्यांवर बसलीय ती," मुलगी म्हणाली.

"ती नव्हे, तो." आदल्या रात्रीच वाचनालयातल्या पुस्तकात वाचले होते. या जातीत मादी चार अंडी घालते आणि दुसरा नर गाठते. सुमारे २६ दिवस अंडी उबवायची ती नराने, पिल्लेही त्यानेच सांभाळायची.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, मी लहान असताना रात्री कोण उठायचं?"

मी काचा पुसू लागलो. तेव्हा हिची आई गोकुळ शिरगावला कारखान्यात जायची. मी संध्याकाळी स्त्री-पुरुष समानतेवर भाषण करून अकराला घरी यायचो आणि गाढ झोपायचो.

घरी आल्यावर मुलीने आईला सगळे सांगितले. ही भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "आणि त्या मादीला कुणी नावं ठेवत न्हाईत व्हय?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी ताट पुढे ओढले.