शिबिरातला दादा बायोडाट्यात का दिसत नाही?

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की आपल्या एसटी स्टँडसमोरच्या खांबांवर दरवर्षी तीच पत्रकं चिकटतात. 'उन्हाळी संस्कार शिबिर', 'निवासी व्यक्तिमत्त्व विकास शिबिर', 'साहसी कमांडो शिबिर'. वय वर्षे ८ ते १५. सोबत चादर, ताट-वाटी, बॅटरी आणावी. मोबाईल व दागिने आणू नयेत. खाली आयोजकांचा हसरा फोटो, प्रमुख पाहुण्यांचे चार फोटो, शेवटी प्रायोजक म्हणून सराफ आणि कृषी सेवा केंद्र.

या पत्रकावर एक माणूस कधीच नसतो. तो म्हणजे ती साठ पोरं प्रत्यक्षात सांभाळणारा. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा किंवा पोरगी. एफवायला, नाहीतर एसवायला. मुलं त्याला दादा म्हणतात, तिला ताई. आजची पोस्ट त्यांच्याबद्दल.

कारण असं की याच पोरांचे बायोडाटे माझ्याकडे येतात. गावात पत्रकार म्हणजे शुद्ध मराठी लिहिणारा आणि चार ठिकाणी ओळख असणारा, असा एक समज आहे. (दुसरा भाग तितकासा खरा नाही.) जूनमध्ये पोरं येतात, 'सर, जरा नजर टाका ना' म्हणतात. मी नजर टाकतो. शिक्षण, टक्केवारी, एमएस-सीआयटी, छंद : वाचन, क्रिकेट. आणि पुढं, अनुभव : नाही.

परवा असाच एक जण आला. मी विचारलं, तू तीन वर्षं मे महिन्यात कुठं गायब असतोस रे? म्हणाला, 'शिबिराला सर. दादा म्हणून.' मग ते इथं का नाही? तो हसला. म्हणाला, 'ते काय काम आहे का सर? पोरं सांभाळायची फक्त.'

पोरं सांभाळायची फक्त. हे 'फक्त' म्हणजे काय असतं ते ज्यांनी शिबिर आतून बघितलंय त्यांनाच कळेल. मी बातमीसाठी इतक्या शिबिरांना गेलोय, की उद्घाटनाचा नारळ आणि समारोपाचं मनोगत मला पाठ आहे. खरं शिबिर मधल्या दिवसांत असतं. तेव्हा फोटोग्राफर नसतो.

आश्रमशाळेची इमारत, नाहीतर कुणाच्या तरी शेतावरची शेड. पहाटे पाचला शिट्टी. एका दादाकडे बारा ते पंधरा पोरं. त्यांना उठवायचं, आंघोळीच्या रांगेत एकमेकांच्या बादल्या पळवू द्यायच्या नाहीत, टाकीतलं पाणी सगळ्यांना पुरवायचं. प्रार्थना, श्रमदान, पोहे. दहा वाजता गडकिल्ल्यांवर बोलायला येणारे पाहुणे साडेदहाला फोन करून सांगतात, आज जमत नाही. समोर साठ पोरं मांडी घालून बसलेली, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. अशा वेळी आयोजक दादाकडे बघतात आणि दादा उभा राहतो. पुढचा दीड तास तो काहीही करून काढतो. कोडी, नकला, अंताक्षरी, गावातल्या खऱ्या भुताची गोष्ट. हे ज्याला जमलं त्याला पुढं कुठल्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टर बंद पडला म्हणून घाम फुटत नाही.

पण दिवस सोपा असतो. खरी परीक्षा रात्री, तीही दुसऱ्या रात्री. पहिल्या रात्री सगळी दमून झोपतात. दुसऱ्या रात्री एखाद्याला आई आठवते. एक रडला की तिघं रडतात. एखादा नऊ वर्षांचा मुलगा अंथरूण ओलं करतो आणि घाबरून त्यावरच बसून राहतो. चांगला दादा काय करतो? दिवा लावत नाही. आरडाओरडा करत नाही. गुपचूप चादर बदलतो, ओली चादर पहाटे सगळ्यांच्या आधी धुऊन टाकतो आणि त्या मुलाला सकाळी सगळ्यांसमोर एखादं मानाचं काम देतो, घंटा वाजवायचं वगैरे. कुणाला काही कळत नाही. एवढं शहाणपण मी कितीतरी खात्यांच्या साहेबांमध्ये बघितलेलं नाही. हाताखालच्या माणसाची लाज राखून त्याच्याकडून काम करून घेणं, हे आपल्याकडे निवृत्तीपर्यंत अनेकांना जमत नाही.

आणि मोजणी. नदीवर, टेकडीवर, नुसतं शेजारच्या मंदिरात नेलं तरी जाताना मोजायचं, पोहोचल्यावर मोजायचं, निघताना मोजायचं. चौदा म्हणजे चौदा. तेरा भरले तर जग थांबतं. मे महिन्यात बंधाऱ्यावर, तलावावर बुडाल्याच्या बातम्या मी दरवर्षी लिहितो, त्यामुळे या मोजणीची किंमत मला कुणी सांगायची गरज नाही. 'जबाबदारी' हा शब्द सगळ्या बायोडाट्यांत असतो. ती अंगात अशी मुरते, दिवसातून दहा वेळा चौदापर्यंत मोजून.

शिवाय पालकांचे फोन. 'आमच्या चिरंजीवांना भेंडी चालत नाही.' 'रोज फोटो का टाकत नाही?' 'तुमच्या त्या दुसऱ्या मुलानं आमच्या मुलाला ढकललं म्हणे.' वीस वर्षांच्या पोरानं पंचेचाळीस वर्षांच्या चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलायचं, खोटं आश्वासन द्यायचं नाही आणि तरी समोरच्यानं समाधानानं फोन ठेवायला हवा. पतसंस्थेच्या काउंटरवर, दवाखान्याच्या रिसेप्शनवर, मोबाईल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये दुसरं काय असतं?

म्हणून त्या पोराला मी कागद घेऊन बसवलं. 'लीडरशिप, टीमवर्क, कम्युनिकेशन' असले शब्द लिहायचे नाहीत, ते सगळेच लिहितात आणि वाचणाराही डोळे मिटून पुढं जातो. जे केलंस ते आकड्यात लिही, म्हटलं. तासाभरानं कागदावर आलं ते असं : 'सलग तीन वर्षं १० दिवसांच्या निवासी शिबिरात गटप्रमुख. ९ ते १३ वयाच्या १४ मुलांची पूर्णवेळ जबाबदारी. शेवटच्या वर्षी ६५ माणसांच्या किराणा-भाजीची खरेदी व रोजचा हिशोब. दोन मुलांच्या औषधांच्या वेळा सांभाळणे. पालकांशी रोजचा संपर्क.' वाचून तोच म्हणाला, 'सर, हे मीच का?'

आता कुणी म्हणेल, पत्रकार महाशय शिबिराची जाहिरात करतायत. नाही. सगळ्या शिबिरांत हे शिकायला मिळतं असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी 'कमांडो'च्या नावाखाली पोरांना उन्हात कोंबडा करतात, उशीर झाला की बेडूकउड्या. तिथला दादा दहा दिवसांत एवढंच शिकतो की आपल्यापेक्षा लहानावर ओरडलं की काम होतं. तो पुढं सुपरवायझर झाला तर हाताखालच्यांचं काही खरं नाही. आणि शिबिर केलं म्हणून टॅली येत नाही, इंग्रजी सुधारत नाही. ते वेगळं शिकावंच लागतं.

ही परंपरा आपल्याकडे आजची नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची बांधणी झाली, तेव्हापासून शिबिर हा शब्द गावोगाव पोचला. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसं सेवा दलाच्या कलापथकातून पुढं आली, हे जुन्या लोकांना माहीत आहे. तिकडं चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीनं किती जणांच्या आयुष्याची दिशा बदलली ते वेगळं सांगायला नको. पण तिथं जाणारा आपण काय द्यायला चाललोय हे समजून जात होता. पैशाचा प्रश्नच नव्हता, कारण कुणीच कमवत नव्हतं.

आजच्या पत्रकावर मात्र फी छापलेली असते. आपल्या भागात दहा दिवसांचे चार-साडेचार हजार. साठ मुलं धरा आणि गुणाकार तुम्हीच करा. जेवण, जागा, साहित्य, सगळं वजा करा. स्वयंपाकीणबाईंना पैसे मिळतात (मिळायलाच पाहिजेत), मंडपवाल्याला मिळतात, योगशिक्षकांना मानधनाचं पाकीट मिळतं. दादा-ताईला काय? एक टी-शर्ट, त्यावर प्रायोजकाचं नाव, आणि 'सक्रिय सहभाग' असं लिहिलेलं प्रमाणपत्र. विचारलं की उत्तर ठरलेलं : 'अहो, संस्कारांचं काम आहे, पैशात मोजू नका.' फी मोजताना मोजता, तेव्हा?

जिथं आयोजक स्वतः एक रुपया घेत नाही, वर्गणीवर शिबिर चालतं, तिथं पोरांनीही सेवा म्हणून यावं. त्याला माझा सलाम आहे. पण जिथं धंदा आहे तिथं मजुरी पाहिजे. अमेरिकेत समर कॅम्पच्या या कामासाठी परदेशातून येणाऱ्या तरुणांना जे-१ व्हिसाखाली स्वतंत्र प्रकारच ठेवलाय, वय किमान १८, मुदत जास्तीत जास्त चार महिने. म्हणजे तिकडं ते काम म्हणून धरतात. आपल्याकडे राज्य सरकारनं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, पदवीधराला १० हजार. त्यातली काही पोरं मी एका कार्यालयात झेरॉक्स काढताना रोज बघतो. त्यांच्या खात्यात अनुभव जमा होतो. साठ पोरं सुखरूप घरी पोचवणाऱ्याच्या खात्यात काहीच नाही.

मुलींचं तर आणखी अवघड. शेजारच्या गावातली एक मुलगी, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, शिबिरात ताई म्हणून जायचं होतं तर घरात आठवडाभर वाद. रात्री मुक्काम, तोही फुकट, मग कशाला जायचं? शेवटी आत्यानं मध्ये पडून पाठवलं. तिथं तिच्याकडे पहिल्यांदा रोख रकमेची पेटी आली. भाजीवाल्याशी घासाघीस, बिलावर सही, रात्री हिशोब जुळवणं. एका रात्री एका मुलीला विंचू चावला तर तिनं १०८ ला फोन केला, अॅम्ब्युलन्समध्ये सोबत बसली आणि पहाटे परत येऊन पोह्यांच्या रांगेला उभी राहिली. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, काय मिळालं? तिच्याकडे दाखवायला फक्त ते प्रमाणपत्र होतं. यंदा तिला पाठवणार नाहीत. दोन हजार रुपये हातावर ठेवले असते तर तिचं घरातलं म्हणणं जरा वजनदार झालं असतं, हे मला पक्कं माहीत आहे.

यात आपली कॉलेजं काही करू शकतात. एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. दहा दिवसांच्या निवासी शिबिरात दिवसाला बारा तास धरले तरी तेवढे भरतात, आणि प्रत्यक्षात दादा बारा तासांत सुटत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी आलंय, फिल्ड प्रोजेक्ट आलाय. आज त्यासाठी पोरं काय करतात ते प्राध्यापकांनाही ठाऊक आहे. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का, मामाच्या लेटरहेडवर पत्र, संपलं. त्यापेक्षा शिबिराचं काम तपासून, रोजची डायरी लिहायला लावून मान्य करा की. नियम कुठं आडवे येतात ते प्राचार्यांनी विद्यापीठाला पत्र लिहून विचारावं.

मात्र त्याआधी दादा-ताईला प्रशिक्षण हवं, आणि इथं मी आयोजकांना सोडणार नाही. आदल्या दिवशी बोलावून टी-शर्ट वाटणं म्हणजे प्रशिक्षण नाही. उष्माघाताची लक्षणं, ओआरएस, साप-विंचू, कोणत्या मुलाला कशाची अॅलर्जी, मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, हे सगळं आधी सांगितलं पाहिजे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर अत्याचाराची माहिती कळली की ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, दडपणं हा गुन्हा आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला एखादं मूल रात्री काही सांगेल, तेव्हा 'आयोजकांचं नाव खराब होईल' म्हणून गप्प बसायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार? १०९८ हा नंबर किती शिबिरांच्या भिंतीवर लिहिलेला असतो?

शिबिराची नोंदणी आता सुरू होईल. पोराला पाठवणार असाल तर जेवणात गोड काय आहे हे नंतर विचारा. आधी विचारा : एका दादाकडे किती मुलं? तो किती वर्षांचा, आधी शिबिर केलंय का? मुलींसाठी रात्री ताई मुक्कामाला आहेत का? त्यांना आधी किती दिवस शिकवलं? त्यांना मानधन किती देता? आणि शेवटी त्यांना जे प्रमाणपत्र देता त्यावर 'सक्रिय सहभाग' लिहिता, की किती दिवस, किती मुलं, कोणतं काम हे लिहिता? पत्रकावर आयोजकांचा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात छापलेला असतो.