प्रॉक्सी मारणारा रोबो

हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरचा एकच पठ्ठ्या तीन वेगवेगळे आवाज काढून "येस सर" म्हणतो, हे आपल्याला नवीन नाही. पण हीच युक्ती रोबोंनी उचलली तर?

आमच्या प्रोजेक्टमध्ये पाच छोटे रोबो होते. प्रत्येकाने इतरांचे आकडे ऐकायचे, सरासरीकडे थोडं सरकायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून भेटायची जागा ठरवायची. डेमोच्या आदल्या रात्री पाहतो तर काय, चौघेही पाचव्याच्या मागे भिंतीकडे निघालेले! पाचव्याचा आकडा हलतच नव्हता. सरासरीवर चालणाऱ्या टोळीला असा एक हट्टी पुरतो. बाकीचे हळूहळू त्याच्याच आकड्यावर येतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मित्राला आम्ही रात्रभर फैलावर घेतलं. सकाळी सापडली रिसीव्हरची सुटलेली वायर. बिचाऱ्या रोबोला कुणाचं काही ऐकूच येत नव्हतं!

लबाड आणि बिघडलेला, दोघे बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून माझं मत असं की, "चोर कोण?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, "एक जण खोटं बोलला तरी काम होईल का?"

यावर उपाय आहेत. लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीझ यांनी १९८२ साली सिद्ध केलं, की नुसत्या तोंडी निरोपांवर एका फितुराला पुरून उरायचं तर किमान चार जण हवेत. २०१३ साली लेब्लांक आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत तर अगदी साधी आहे. फितूर एकच असेल असं धरलं, तर आपल्यापेक्षा मोठ्या आकड्यांतला सर्वांत मोठा आणि लहानांतला सर्वांत लहान सोडून द्यायचा, मग सरासरी काढायची. जाळं पुरेसं घट्ट विणलेलं हवं, एवढीच अट. आरोप कुणावरच नाही!

पण एकच रोबो पाच नावांनी बोलू लागला तर ही मोजदादच कोसळते. याला 'सिबिल हल्ला' म्हणतात. त्यावर २०१५ साली एमआयटीच्या स्टेफनी गिल आणि सहकाऱ्यांनी छान तोड काढली. नाव काय सांगतोय ते बघू नका, रेडिओ लहरी कोणत्या दिशांनी येताहेत ते बघा. दोन नावांच्या लहरींचा ठसा सारखाच निघाला, तर त्यांच्या शब्दाला वजन कमी द्या. हजेरी घेताना मान वर करून बाकाकडे पाहणारे सर हेच तर करतात!

म्हणून सरांना एक विनंती. व्हायव्हात आमचे रोबो किती पळतात एवढंच बघू नका. गुपचूप एकाची वायर काढा, आणि मग उरलेल्यांचं काय होतं ते बघून मार्क द्या. आमचे मार्क जातील, कबूल. पण उद्या असे रोबो गोदामात किंवा पुराच्या पाण्यात माणसं शोधायला उतरले, तर एका सुटलेल्या वायरीपायी सगळी टोळी भलतीकडे जाणार नाही.

आणि हो, त्या मित्राला आम्ही 'सॉरी' म्हटलं. चहाही पाजला.